पट्टी बांधणाऱ्या पोराचं डोकं

युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या वस्तुसंग्रहालयांच्या ग्रीक दालनात एक डोकं हमखास असतं. तरुण मुलाचं, पांढऱ्या दगडाचं, नाक तुटलेलं. मान जराशी कललेली, नजर खाली. शेजारच्या पाटीवर साधारण असं काहीतरी: ‘खेळाडूचं डोकं. संगमरवर. रोमन काळातली प्रत. मूळ ग्रीक पुतळा ब्राँझचा, इ.स.पू. ४३०च्या सुमाराचा.’

पाटी वाचून आपण पुढच्या कपाटाकडे सरकतो. पण त्या दोन-तीन ओळी नीट वाचल्या तर त्यांत भलताच घोळ आहे. दालन ग्रीक आणि वस्तू रोमन. पुतळा ब्राँझचा म्हणतात आणि समोर आहे दगड. खेळाडू म्हणतात, पण खेळ कुठला आणि त्याचं नाव काय, पत्ता नाही. आणि नुसतं डोकंच का? बाकीचा पोरगा कुठे गेला?

हा घोळ सोडवायला एकच पुतळा हाताशी धरू. अर्गोस गावच्या पॉलिक्लिटस या शिल्पकाराचा ‘दियादुमेनोस’. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ पट्टी बांधणारा. स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूच्या डोक्याला, दंडाला लोकरीच्या फिती बांधत. पानांचा मुकुट वेगळा, ऑलिंपियात तो रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा असे. पॉलिक्लिटसचा हा पोरगा दोन्ही हात वर करून ती जिंकलेली फीत स्वतःच्याच डोक्याला बांधतो आहे. जयघोष नाही, मुठी वळलेल्या नाहीत, लक्ष सगळं गाठ मारण्याकडे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पुतळा घडला आणि पुढे रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवलं की त्याची किंमत शंभर टॅलेंट म्हणून तो गाजला. अथेन्सचा एक टॅलेंट म्हणजे जवळपास सव्वीस किलो चांदी. गुणाकार तुम्हीच करा.

तो मूळ पुतळा आज नाही. पॉलिक्लिटसने स्वतः ओतलेला एकही ब्राँझ पुतळा आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

कारण अगदी घरगुती आहे. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, आणि तांब्याला मोडीत कायम भाव असतो. घरातला फुटका बंब जसा मोडीवाल्याकडे जातो तसेच हे पुतळे गेले. देव बदलले, राज्यं बुडाली, पैशांची नड आली की भट्टी पेटायची. वाचले ते बहुतेक माणसाच्या हाती न लागलेले, म्हणजे दरडीखाली गाडले गेलेले किंवा समुद्रात बुडालेले. क्रोएशियातल्या लोशिन्य बेटाजवळ १९९९ साली समुद्राच्या तळातून एका खेळाडूचा अख्खा ब्राँझ पुतळा वर काढला. त्याच्या पोकळ अंगात उंदराच्या घरट्याचे अवशेष निघाले. म्हणजे समुद्रात पडण्याआधी तो कुठेतरी आडवा, दुर्लक्षित पडून होता आणि उंदरांनी त्यात संसार थाटला होता.

मग संगमरवरी डोकी आली कुठून? रोमनांनी ग्रीस जिंकला आणि ग्रीक पुतळ्यांचं वेडही सोबत घेतलं. श्रीमंतांच्या बागा, सार्वजनिक स्नानगृहं, नाट्यगृहं, सगळीकडे जुने नामवंत पुतळे हवेत असं झालं. मूळ पुतळा एक आणि गिऱ्हाइकं हजार. त्यामुळे प्रती काढणाऱ्या कारखान्यांचा धंदा जोरात चालला. १९५४ साली इटलीत नेपल्सजवळच्या बायाए इथे उत्खननात प्लॅस्टरचे असंख्य तुकडे सापडले. अभ्यासकांनी ते जुळवल्यावर लक्षात आलं की हे प्रसिद्ध ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून काढलेले छाप आहेत, आणि ही जागा प्रती करणाऱ्यांची असणार.

पद्धत साधारण अशी होती. ब्राँझच्या पुतळ्यावरून तुकड्या-तुकड्यांनी साचा काढायचा आणि त्यातून प्लॅस्टरचा पुतळा ओतायचा. इथपर्यंत पेणच्या गणपती कारखान्यातल्या माणसाला काही नवीन वाटणार नाही. पुढचं काम मात्र पाथरवटाचं. प्लॅस्टरवर ठराविक ठिकाणी खुणा करायच्या, हनुवटीवर, केसांत, खांद्यावर. कंपासने दोन खुणांमधली अंतरं मोजायची, दगडात तेवढ्या खोलीपर्यंत भोक पाडायचं, आणि मग टाकीने भोवतालचा दगड त्या खोलीपर्यंत उतरवत न्यायचा. जितके बिंदू जास्त तितकी प्रत नेमकी. काही प्रती अर्धवट राहिल्या, त्यांच्या केसांत आणि हनुवटीवर मापासाठी ठेवलेले बारीक उंचवटे अजून दिसतात.

दगडाला ब्राँझची ताकद नसते. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ, पायांत शिसं ओतून चौथऱ्यात बसवला की दोन पावलांवर निवांत उभा राहतो. संगमरवराचं सगळं वजन घोट्यांवर आलं तर घोटेच मोडतील. म्हणून प्रत करणारा पायाशी झाडाचा बुंधा कोरतो, हात आणि मांडी यांच्यामध्ये दगडाची दांडी ठेवतो. ग्रीक दालनात एखादा नागडा पोरगा उगाचच बुंध्याला टेकून उभा दिसला, की समजावं, हा बहुधा मुळात ब्राँझचा होता. डेलोस बेटावर सापडलेला दियादुमेनोस इ.स.पू. १००च्या आसपासचा आहे आणि आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याच्या बुंध्यावर वस्त्र टाकलंय आणि शेजारी बाणांचा भाता अडकवलाय. बाणांचा भाता खेळाडूकडे कशाला? तो अपोलोचा. म्हणजे प्रत करणाऱ्याने किंवा त्याच्या गिऱ्हाइकाने पहिलवान पोराचा देव करून टाकला, आणि त्यासाठी चेहऱ्याला हात लावायची गरज पडली नाही! फ्रान्समधल्या व्हेझों गावी १८६२ साली मिळालेली दुसरी प्रत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात ही देवाची भानगड नाही.

आता नुसतं डोकं हातात आलं तर ते याच पोराचं, हे कसं ओळखायचं? चेहऱ्यावरून नाही, केसांवरून. चेहरा कुठलाही कारागीर थोडाफार आपल्या हाताने करतो, पण केसांच्या बटा कुठे वळतात, कुठे दुभागतात, हे तो खुणा मोजून उतरवतो. पॉलिक्लिटसचाच दुसरा पुतळा ‘दोरिफोरोस’, म्हणजे भाला धरणारा. त्याच्या कपाळाच्या मधोमध दोन बटा खेकड्याच्या नांगीसारख्या समोरासमोर येतात. ही नांगी जिथे दिसेल तिथे मूळ एकच. दियादुमेनोसचे केस जास्त दाट आणि कुरळे, आणि फितीने दाबल्यामुळे तिच्या वर-खाली फुगून आलेले. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी असं एकेक डोकं बटेला बट लावून ताडून पाहिलं आणि हरवलेल्या पुतळ्यांची वंशावळ मांडली. पाँपेईत १७९७ साली निघालेला पुतळा दोरिफोरोसची प्रत आहे हे कार्ल फ्रीडरिक्सने १८६३ साली दाखवलं. तोवर साठ-सत्तर वर्षं तो लोकांसमोरच होता.

केस आणखी एक चुगली करतात. मूळ कारागिराने बटा आधी मेणात कोरल्या, मग ओतलेल्या ब्राँझवर बारीक हत्याराने रेषा काढल्या. त्यामुळे त्या पातळ, डोक्याला लगटून बसलेल्या. संगमरवरात हे जमत नाही. तिथे सामत्याने खोल भोकं पाडून, ती जोडून चर काढतात, म्हणजे सावली धरते आणि बट उठून दिसते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या कारागिरांना या सामत्याचा फार सोस. म्हणून केसांत काळीकुट्ट भोकं दिसली तर ती पॉलिक्लिटसबद्दल नव्हे, प्रत करणाऱ्याच्या काळाबद्दल बोलत असतात.

पॉलिक्लिटसचं एवढं कौतुक का, याचं उत्तर डोक्यापेक्षा मापात आहे. त्याने ‘कॅनन’ नावाचा ग्रंथ लिहिला होता. कॅनन म्हणजे मोजपट्टी, नियम. ग्रंथ हरवला, पण वैद्य गेलन याने त्यातला मुद्दा सांगून ठेवलाय: सौंदर्य अवयवात नसतं, अवयवांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणात असतं. बोटाचं बोटाशी, सगळ्या बोटांचं तळव्याशी आणि मनगटाशी, त्यांचं कोपरापर्यंतच्या हाताशी, असं करत सगळ्यांचं सगळ्यांशी. आपल्याकडे शिल्पशास्त्रात तालमान आहे. चेहऱ्याची लांबी हा एक ताल, आणि मूर्ती कुणाची त्यानुसार ती किती तालांची ते ठरतं. दोन्ही परंपरा आपापल्या वाटेने गेलेल्या, पण हा विचार मूर्तिकाराच्या घरातल्या माणसाला परका वाटू नये. पॉलिक्लिटसच्या पुतळ्यांत डोकं उंचीच्या ढोबळमानाने एक सप्तमांश येतं. शंभरेक वर्षांनी आलेल्या लिसिपसने डोकी लहान केली, अंगं सडसडीत केली, आणि पुतळे उंच वाटू लागले. तरी तो म्हणायचा की माझा गुरू दोरिफोरोस. पॉलिक्लिटस म्हणाला नाही, पुतळ्याचं नाव घेतलं.

या लिसिपसच्या घराण्याचा एक धागा थेट कोल्हापुरात येतो. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती सापडली. घडण रोमन काळातली, आणि तिच्या उभं राहण्याच्या ढंगाचं मूळ अभ्यासक लिसिपसच्या पोसायडनपर्यंत नेतात. म्हणजे ही प्रतीची प्रत, सातवाहनांच्या काळात व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून, घाट चढून आलेली. टाऊन हॉल म्युझियममध्ये ती आहे. कोल्हापूरकरांनी तरी खर्च करून युरोपला जाण्याआधी ती पाहावी.

आता चेहरा. एवढी मोठी स्पर्धा जिंकलेला पोरगा इतका थंड का?

एक तर हे कुणाचं हुबेहूब चित्र नाही. प्लिनी सांगतो की ऑलिंपियात जिंकणाऱ्याचा पुतळा उभारण्याची रीत होती, पण ज्याने तीनदा जिंकलं त्याचाच पुतळा हुबेहूब त्याच्यासारखा करत. बाकीच्यांचा चेहरा म्हणजे ‘उत्तम तरुण’ कसा दिसावा याचा नमुना. ओळख चौथऱ्यावरच्या अक्षरांत असायची: नाव, बापाचं नाव, गाव, खेळ. आता पुतळे गेले, चौथरे राहिले. ऑलिंपियात मँटिनियाच्या कीनिस्कोस या मुष्टियोद्ध्याचा चौथरा सापडला, त्यावर पावलांच्या खाचा आहेत, लेख आहे, वर कोणी नाही. आणि संग्रहालयांत डोकी आहेत, त्यांना नावं नाहीत.

दुसरं, त्या समाजात जिंकल्यावर माजणं फार धोक्याचं मानत. माजला की देव उतरवतात, हा त्यांच्या नाटकांचा अर्धा विषय. खाली वळलेली नजर म्हणजे लाज, मर्यादा, आब. पण या मर्यादेमागे केवढं राजकारण आणि हेवेदावे होते, ते बघायचं तर थाससच्या थिआजेनीसची गोष्ट वाचावी. प्रवासी लेखक पॉसेनियसने ती दिली आहे. हा मुष्टियुद्ध आणि पँक्रेशन (कुस्ती आणि ठोसेबाजी एकत्र असलेला खेळ) या दोन्ही प्रकारांत ऑलिंपिक जिंकलेला माणूस. तो मेल्यावर त्याचा एक वैरी रोज रात्री येऊन त्याच्या पुतळ्याला चाबकाने मारायचा. एका रात्री पुतळा त्याच्या अंगावर पडला आणि तो मेला. मेलेल्याच्या मुलांनी पुतळ्यावर खुनाचा खटला भरला! पुतळा दोषी ठरला, त्याला समुद्रात बुडवलं. मग दुष्काळ पडला, डेल्फीला कौल लावला, देवाने थिआजेनीसची आठवण करून दिली. शेवटी कोळ्यांच्या जाळ्यात पुतळा आला, पुन्हा उभा केला आणि लोक त्याची पूजा करू लागले. खरं-खोटं पॉसेनियस जाणे. पण पुतळा म्हणजे नुसती शोभेची वस्तू नव्हे, एवढं त्या माणसांच्या डोक्यात पक्कं होतं.

तरीही एक अवयव खोटं बोलत नाही. कान. पश्चिम महाराष्ट्रात मोडलेले, गोळा झालेले कान दिसले की माणूस तालमीतला आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. ग्रीसमध्येही तेच होतं. प्लेटोच्या एका संवादात स्पार्टाची नक्कल करणाऱ्या हौशी लोकांची टर उडवली आहे, त्यात ते कान मोडून घेतात हे आहे. म्हणून डोकं पाहताना बाजूला जाऊन कान बघायचा. दियादुमेनोससारख्या नमुनेदार पोरांचे कान नेटके. पण ऑलिंपियात सापडलेलं इ.स.पू. चौथ्या शतकातलं एका मुष्टियोद्ध्याचं ब्राँझ डोकं बघा: कान चेचलेले, नाक बसलेलं, दाढी पिंजारलेली, नजर वैतागलेली. आणि रोममध्ये १८८५ साली निघालेला बसलेला मुष्टियोद्धा तर पाहवत नाही. त्याच्या जखमांत लाल तांबं बसवलंय, ते ओघळलेलं रक्त आहे.

रंगाचा विषय निघालाच. आपल्याला वाटणारी ही पांढरी शांतता निम्मी तरी नंतरची आहे. संगमरवर रंगवलेला असे: केस, भुवया, ओठ, बुबुळं. पेणला कारखान्यात आखणी न झालेला गणपती पाहिला असेल तर कळेल. सोंड, कान, पोट सगळं जागच्या जागी, पण मूर्ती आंधळी. डोळ्यांची आखणी झाली की तीच मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. संग्रहालयातला हा पोरगा आखणी पुसलेल्या गणपतीसारखा आहे. ब्राँझ पुतळ्यांत डोळे काच, दगड असे बाहेरून बसवत, पापण्या तांब्याच्या पत्र्याच्या, ओठ लालसर तांब्याचे. १९७२ साली इटलीत रिआचेजवळ समुद्रात मिळालेल्या दोन योद्ध्यांपैकी एकाचे दात चांदीचे आहेत. उन्हात ब्राँझ पिवळट-तपकिरी चमकत असेल, म्हणजे तेल लावून उन्हात रापलेल्या कातडीचाच रंग.

रंग उडाला मातीत आणि पावसात, पण पांढऱ्याचं कौतुक माणसांनी वाढवलं. १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहिणारा विंकेलमान कधी ग्रीसला गेलाच नाही. त्याने पाहिलं ते रोममध्ये, आणि त्यात बहुतांश होत्या याच रोमन प्रती. ग्रीकांची ‘उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता’ ही ख्याती तर त्याने रोमला जाण्याआधीच, १७५५ साली करून ठेवली होती, आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं युरोपने ती डोक्यावर घेतली. आता अतिनील प्रकाशात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगाचे कण शोधतात. म्युनिकमध्ये २००३ साली रंगवलेल्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं, तेव्हा अनेकांना ते भडक वाटलं. मला विचाराल तर काही ठिकाणी खरंच भडक आहे. सपाट रंग लावलेत, छटा नाहीत. पण पांढरं डोकं त्याहून खोटं आहे.

नाकाचं फार सांगण्यासारखं नाही. पुढे आलेला अवयव, पुतळा आडवा झाला की पहिला बळी त्याचा. गंमत पुढे आहे. पूर्वीच्या संग्राहकांना तुटकं चालत नसे, म्हणून कारागीर नवं नाक बसवून देत. विसाव्या शतकात हे अप्रामाणिक वाटू लागलं आणि नाकं काढली गेली. कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेकमध्ये अशी काढलेली नाकं एका कपाटात मांडून ठेवली आहेत. रांगेने नुसती नाकं.

राहिली मान. मान हा पुतळ्याचा सगळ्यात कच्चा भाग, शिवाय पुष्कळदा डोकं वेगळ्या दगडात कोरून धडावर बसवत, कारण चांगला दगड महाग. डोकं सुटलं की नेऊन विकायला सोयीचं, आणि धड चुनाभट्टीत. संगमरवर भाजला की चुना होतो, आणि मध्ययुगात कितीतरी देव आणि पहिलवान असे भिंतींत गेले. जे वाचले त्यांचीही ताटातूट झाली. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर १८७७ साली एका तरुणाचं डोकं मिळालं. पॉलिक्लिटसच्या शंभरेक वर्षं आधीचं, म्हणजे ओठांवर अजून जुन्या वळणाचं हसू असलेलं, डोक्यावर पानांचा मुकुट, बहुधा स्पर्धेतला विजेता. राँपाँ नावाच्या फ्रेंच संग्राहकाकडून ते पॅरिसला लूव्रमध्ये गेलं. घोडेस्वाराचं तुटकं धड मात्र अथेन्सलाच राहिलं, आणि कितीतरी वर्षं दोघांचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही. १९३०च्या दशकात हम्फ्री पेन या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला तो दिसला. छाप घेऊन जोडून पाहिलं, मान बरोबर बसली.

आज लूव्रमध्ये खरं डोकं प्लॅस्टरच्या धडावर बसवलेलं आहे. अथेन्सला खऱ्या धडावर प्लॅस्टरचं डोकं आहे.